सौदी अरेबियात केवळ फिरण्यासाठी जावे का?

निशिगंधा_क

येत्या डिसेंबरअखेरीस आम्ही तिघी, म्हणजे मी, महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी आणि माझ्या सासूबाई, सौदी अरेबियाला जाण्याचा विचार करत आहोत. तिथे आमचे कोणी नातेवाईक नाहीत आणि काही कामही नाही. केवळ देश पाहायचा आहे. मुलीला इतिहासाची आवड आहे आणि अल-उलाजवळची हेग्राची कातळात कोरलेली प्राचीन थडगी पाहायचीच असा तिचा हट्ट आहे. जेद्दाहचे जुने शहर पाहण्याची इच्छा माझी. सप्टेंबर २०१९ पर्यंत हज-उमरा, नोकरी, व्यापार किंवा आप्तांची भेट यांखेरीज या देशात जाण्याची सोय जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे ज्यांना विचारावे त्यांची माहिती एकतर फार जुनी असते किंवा ऐकीव असते.

सोबत पुरुष नसताना अडचण येते का? पोशाख कसा असावा? सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. त्यांच्या जेवणाचे काय? मुसलमान नसलेल्यांना मदिनेत जाता येते का? शेवटचा प्रश्न सासूबाईंचा आहे. "ज्यांना इतकी वर्षे आपण यायला नको होतो, त्यांच्या दारी आता का जायचे?" असे त्या विचारतात, आणि त्यावर मला पटण्यासारखे उत्तर देता येत नाही.

कुंपणावरचा

व्हिसाचे आधी पाहा, बाकीचे नंतर. २०१९ मध्ये ज्या ४९ देशांच्या नागरिकांना ई-व्हिसा खुला झाला त्यांत भारत नव्हता.

वाळवंटी झुळूक

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे रियाधला राहते, म्हणून क्रमाने सांगते.

व्हिसाबाबत कुंपणावरचा यांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू असलेला आणि एकदा तरी वापरलेला व्हिसा असेल तर काम सोपे होते. तो नसेल तर भारतातल्या अर्ज केंद्रात जाऊन बोटांचे ठसे देऊन अर्ज करावा लागतो. सौदीच्या विमान कंपनीने पुढे कुठे जाणार असाल तर २०२३ पासून ९६ तासांचा थांबा-व्हिसाही मिळतो, पण तेवढ्यात तुमची हेग्राची हौस भागणार नाही. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ पाहावे.

तीन स्त्रियांनी एकत्र फिरण्यात कायद्याची कोणतीही अडचण नाही. स्त्रीला पुरुष नातेवाइकाशिवाय हॉटेलची खोली घेता येते आणि जून २०१८ पासून गाडीही चालवता येते. परदेशी स्त्रियांना अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा अंगभर सैल झगा, सक्तीचा नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत आणि कपडे अंगासरशी घट्ट नसावेत, एवढीच अपेक्षा आहे. लांब बाह्यांचा सलवार-कमीज आणि ओढणी असली की प्रश्नच मिटला. सासूबाईंनी सुती साडी नेसली तरी हरकत नाही, फक्त ब्लाऊज लांब बाह्यांचे आणि पाठ झाकणारे शिवून घ्यावे.

तरीही एक सांगते. कायद्याने काय चालते आणि लोकांच्या डोळ्यांना कशाची सवय आहे, या दोन गोष्टी इथे एकाच वेगाने बदललेल्या नाहीत. जेद्दाहच्या समुद्रकिनारी रस्त्यावर मोकळे केस कोणाच्या लक्षातही येत नाहीत. रियाधच्या नव्या भागांतही तसेच. पण जुन्या बाजारात जाताना मी स्वतः अबाया घालते, आणि ते कोणाच्या भीतीने नव्हे, तर घासाघीस करताना दुकानदाराची नजर कापडावर राहावी म्हणून. कासीम प्रांतातल्या बुरैदाकडे गेलात तर हाच देश आणखी जुना वाटेल.

तर्कट

धाग्याच्या शीर्षकात "जावे का" असे विचारले आहे आणि आतापर्यंत सगळे "कसे जावे" यावरच बोलत आहेत, म्हणून शीर्षकाला उत्तर देतो. माझ्या मते जाऊ नये. स्त्रियांना गाडी चालवू द्यावी म्हणून लढणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांना मे २०१८ मध्ये, म्हणजे बंदी उठण्याच्या महिनाभर आधी, अटक झाली आणि त्यांची सुटका फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या वकिलातीत सौदी पत्रकार जमाल खशोग्जी यांची हत्या झाली हे सर्वांना ठाऊक आहे. मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला गेला. रियाधला मस्मक किल्ला पाहायला जाल तेव्हा शेजारच्या दीरा चौकातही जाल. अनेक वर्षे शुक्रवारच्या नमाजानंतर शिरच्छेद होत ते ठिकाण तेच. आज तिथे लोक कॉफी पीत बसतात. पर्यटकाने भरलेले पैसे आणि टाकलेली छायाचित्रे या चित्राला रंगसफेदी करण्याच्याच कामी येतात, असे मला वाटते.

शेपू

तर्कट यांच्या प्रतिसादानंतर विचारायला संकोच वाटतो, पण माझ्या पोटाचा प्रश्न आहे. तिथे माझ्या नावाची भाजी मिळते का?

वाळवंटी झुळूक

@शेपू, मिळते, आणि तीही जुडीने. अरबी स्वयंपाकात शेपू भातातही घालतात. तुमच्यासारखे जालावर नाव मात्र कोणी घेत नाही.

सासूबाईंच्या जेवणाची काळजी करू नका. सकाळी 'फूल' खावे. सुक्या वालासारखे मोठे दाणे रात्रभर मंद आचेवर शिजवून घोटतात आणि वर जिरे, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल घालतात. सोबत तमीस नावाची मोठी, गरम, अफगाणी पद्धतीची भट्टीतली रोटी असते. दुकानात भट्टीच्या तोंडाशी उभे राहून लांब सळईने ती बाहेर ओढताना पाहणे हाही एक कार्यक्रमच आहे. रोटी कागदात गुंडाळून देतात आणि हातात घेतल्यावर चटका बसतोच. जरीश नावाचा भरडलेल्या गव्हाचा पदार्थ २०२३ मध्ये राष्ट्रीय पदार्थ म्हणून जाहीर झाला. दिसायला तो आपल्या दलियासारखा असला तरी बहुधा मांसाच्या रश्शात शिजवलेला असतो, म्हणून विचारल्याशिवाय खाऊ नये. रियाधच्या बथा भागात आणि जेद्दाहच्या शरफियात दाक्षिणात्य उपाहारगृहे आहेत, तिथे डोसा-इडली मिळते.

जुना जुबैलकर

मी १९८० च्या दशकात जुबैलच्या कारखान्यांच्या उभारणीसाठी गेलो आणि नंतर बरीच वर्षे पूर्व किनाऱ्यावर राहिलो. वरचे प्रतिसाद वाचताना हा कुठला देश, असा प्रश्न मला पडतो.

आमचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असे. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे तर कंपनीचे पत्र खिशात ठेवावे लागे, आणि सुट्टीवर घरी जायचे तर देश सोडण्याची परवानगीही मालकाच्याच सहीने मिळे. बांग झाली की दुकानांची शटरे अर्धी खाली येत. आत अडकलो तर नमाज संपेपर्यंत आत, आणि बाहेर राहिलो तर बाहेर. धर्मपोलीस छडी घेऊन फिरत. उपाहारगृहांना दोन दारे असत, एक कुटुंबांसाठी आणि एक एकट्या पुरुषांसाठी. आमच्यासारख्यांचे आयुष्य दुसऱ्या दाराने गेले. धर्मपोलिसांचा अटकेचा अधिकार एप्रिल २०१६ मध्ये काढून घेतला, दोन दारांची सक्ती डिसेंबर २०१९ मध्ये उठली, आणि या बातम्या मी चिपळूणला बसून वाचल्या. चित्रपटगृहे २०१८ मध्ये उघडली तेव्हा तर माझा जुना सहकारी फोनवर मिनिटभर नुसता हसत होता.

गणपती आम्ही बसवत असू, पण पडदे ओढून, आणि आरती टाळ्यांशिवाय. शाडूची मूर्ती कोणी आणायची या भानगडीत न पडता सुपारीलाच गणपती मानत असू. एवढे असूनही मी त्या देशावर रागावलेला नाही. चिपळूणचे माझे घर त्याच पगारावर उभे आहे.

तर्कट, तुमची यादी खरी आहे, तिला आणखी चार ओळी मी जोडू शकतो. पण आम्ही राबत होतो तेव्हा पाहायला कोणीच येत नव्हते, आणि त्यामुळे आमचे काही भले झाले असे मला आठवत नाही. हेग्राचे नाव मी तिथे असताना ऐकले होते, पण तिथे जाण्याची परवानगी कोणाकडे मागायची हेसुद्धा आम्हाला कळत नसे.

बाणकोटची

धाग्यात "कर्मठ देश, कर्मठ देश" असे सूर उमटू लागले की आमच्यासारख्या कोकणी मुसलमान घरांतल्या लोकांना थोडे चमत्कारिक वाटते, म्हणून लिहिते. आमच्या खाडीपट्ट्यात असे घर सापडणे कठीण, ज्यातले कोणी ना कोणी आखातात गेलेले नाही. त्याही आधी जेद्दाह आमच्यासाठी परदेश नव्हता, बंदर होते. माझी आजी मुंबईहून हजच्या जहाजाने गेली. ती जहाजे १९९५ पर्यंत चालत होती. निघण्याआधी लोक मुंबईच्या मुसाफिरखान्यात उतरत, तिथेच गावाकडची माणसे निरोप द्यायला येत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने हज यात्रेकरूंसाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. त्या सौदीत वापरायला असत. निशिगंधाताई, तुमच्या सासूबाईंना सांगा की त्या दारी भारतातून माणसे येणे नवे नाही. नवीन आहे ते हे, की आता कारण विचारत नाहीत.

मदिनेबद्दल सांगते. मक्केत मुसलमान नसलेल्यांना प्रवेश नाही, हमरस्त्यावर तशा पाट्या आहेत आणि तैफकडे जाणाऱ्यांसाठी शहराला वळसा घालणारा वेगळा रस्ता आहे. टॅक्सीवाल्याला आधीच सांगून ठेवा. मदिनेचे तसे नाही. शहरात जाता येते, प्रेषितांच्या मशिदीभोवतीचा हरमचा, म्हणजे पवित्र हद्दीचा, परिसर मात्र वर्ज्य आहे. जानेवारी २०२४ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी मदिनेला जाऊन आल्या, त्याचे आपल्याकडे बरेच कौतुक आणि तिकडे समाजमाध्यमांवर बरीच टीका झाली. माझे मत विचाराल तर तुम्ही मदिना सोडावी. मनाई आहे म्हणून नव्हे. तिथे येणारा प्रत्येक जण आयुष्यभराची आस घेऊन आलेला असतो, आणि त्या गर्दीत हद्दीच्या पाटीपाशी उभे राहून छायाचित्रे काढण्याने तुम्हालाही काही मिळणार नाही.

तर्कट

@बाणकोटची, तुमचे म्हणणे मनापासून पटले, पण माझा आक्षेप तिथल्या माणसांवर किंवा श्रद्धेवर नाही. अल-उलाचा सगळा कारभार २०१७ मध्ये स्थापन झालेल्या शाही आयोगाकडे आहे. तिकिटाचा पैसा कोणाकडे जातो, एवढाच माझा मुद्दा आहे.

बाणकोटची

तिकिटाचा पैसा त्यांच्याकडे जातो हे खरे. पेट्रोलचाही जातो. तुम्ही दुचाकी चालवता की बस पकडता?

तर्कट

बस. पण ती डिझेलवर चालते, हे मान्य करतो.

रानवाटा

वाद उत्तम चालला आहे, पण मुलीच्या हट्टाकडेही कोणीतरी लक्ष द्यायला हवे. मी दोन हिवाळ्यांपूर्वी हेग्राला गेलो होतो.

जॉर्डनमधले पेट्रा ज्या नबातियनांनी, म्हणजे प्राचीन अरब लोकांनी, कोरले, त्यांचेच हे दक्षिणेकडचे शहर. २००८ मध्ये ते सौदीचे पहिले जागतिक वारसास्थळ झाले. १११ मोठी थडगी आहेत आणि त्यांपैकी ९४ नक्षीदार आहेत. पेट्रात नसलेली गोष्ट इथे आहे: बऱ्याच थडग्यांच्या दारावर लेख आहेत आणि त्यांत राजाच्या कारकिर्दीचे वर्षही आहे, त्यामुळे कोणते थडगे कधी कोरले ते नेमके सांगता येते. लेखांतला मजकूर फार रोखठोक आहे. हे थडगे अमक्याचे आणि त्याच्या मुलाबाळांचे. जो ते विकेल, गहाण ठेवेल किंवा यात परके प्रेत पुरेल त्याला देवांचा शाप आणि वर दंड. आपल्याकडच्या गधेगाळाच्या शिळांवरची भाषा ज्यांनी वाचली आहे त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

कस्र अल-फरीद नावाचे एकटे थडगे मैदानात उभ्या असलेल्या एकाच खडकात कोरलेले आहे आणि ते अपुरे राहिलेले आहे. वरचा भाग गुळगुळीत, कडा धारदार. खाली येताना छिन्नीचे घाव खडबडीत होत जातात आणि पायाशी नुसता कातळ उरतो. कारागीर वरून खाली येत होते, हे त्यावरून डोळ्यांना कळते. वेरुळचे कैलास लेणेही असेच कळसाकडून पायाकडे उतरले, पण ते पूर्ण झाल्यामुळे तिथे ही कृती इतकी उघडी दिसत नाही. मुलीला तिथे वेळ द्या. मार्गदर्शक गटाला पुढे हाकतात. आम्हाला भेटलेली सौदी तरुणी मात्र थांबली आणि तिनेच टॉर्च तिरपी धरून छिन्नीच्या खुणा दाखवल्या.

आणखी एक सांगतो, कारण सासूबाईंच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. कुराणात समूद लोकांची कथा आहे. प्रेषित सालेह यांचे न ऐकल्यामुळे त्यांचा नाश झाला, आणि परंपरेने ते ठिकाण हेच मानले जाते. त्यामुळे अनेक श्रद्धाळू मुसलमान इथे रेंगाळू नये असे मानतात. आमच्या गाडीचा चालक वयस्क होता, तो बाहेरच थांबला आणि आम्ही परत येईपर्यंत त्याने आत डोकावूनही पाहिले नाही. त्याच दिवशी भेटलेली मार्गदर्शक मुलगी याच गावची, आणि तिला या दगडांचा अभिमान वाटत होता. दोघेही आमच्याशी सारख्याच आपुलकीने बोलले.

जाण्याची सोय: स्वतःच्या गाडीने आत हिंडता येत नाही, आधी आरक्षण करून ठरलेल्या बसनेच जावे लागते. डिसेंबरात गर्दी असते आणि रात्री कडाक्याची थंडी पडते, सासूबाईंना स्वेटर आणि कानटोपी हवीच. तिथेच हेजाझ रेल्वेचे जुने स्थानक आहे. दमास्कसहून मदिनेपर्यंतचा हा लोहमार्ग १९०८ मध्ये पूर्ण झाला होता.

जुना जुबैलकर

एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट कोणीच लिहिली नाही. खसखस नेऊ नका. सौदीत तिची गणना अमली पदार्थांत होते आणि अजाणतेपणाने नेली हा बचाव चालत नाही. त्यापायी आपली माणसे तुरुंगात गेली आहेत. नुसती पुडी नव्हे. अनारशांवर खसखस असते, कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यात आणि कांदा-लसूण मसाल्यातही ती भाजून घातलेली असते. घरचा मसाला, फराळाचा डबा यांतले काहीही सोबत घेऊ नये. गुटखा आणि पानमसालाही नको. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर औषध नेण्याची परवानगी लागते का ते आधी पाहावे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी व मूळ वेष्टन जवळ ठेवावे.

शेपू

म्हणजे दारू नाही हे मी पचवले होते, आता अनारसाही नाही.

वाळवंटी झुळूक

जुबैलकर काकांचा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर चिकटवून ठेवावा, इतका मोलाचा आहे.

आणि सासूबाईंच्या प्रश्नाला माझ्या परीने उत्तर देते. इथे पाहुणा दिसला की त्याला कहवा दिल्याशिवाय सोडत नाहीत. वेलदोडा घातलेला, फिकट रंगाचा आणि बिनसाखरेचा, सोबत खजूर. पेला चिमुकला असतो आणि तो रिकामा झाला की न विचारता पुन्हा भरतात. नको असेल तर पेला हातात धरून हलकेच डावीउजवीकडे हलवायचा. गेल्या हिवाळ्यात माझी आई आली होती, तिला भाषा येत नव्हती. रियाधजवळच्या दिरियाच्या जुन्या मातीच्या वाड्यांपाशी एका सौदी कुटुंबाने तिला सतरंजीवर बसवून घेतले आणि तिच्या कुंकवाबद्दल खाणाखुणांनी विचारले. चौकशीत कुतूहल होते, नाराजी नव्हती. मात्र सगळे गोड आहे असेही म्हणणार नाही. माझ्या शेजारणीच्या सासऱ्यांना हे बदल अजिबात पसंत नाहीत. ते पर्यटकांशी उद्धट वागत नाहीत, फक्त खोलीतून निघून जातात. त्यांच्या मताला इथे व्यासपीठ नाही, हेही तर्कट यांच्या यादीत लिहावे लागेल.

तर्कट

लिहितो. आणि हा प्रतिसाद दिल्याबद्दल आभार, कारण बदल वरून आदेशाने आला की त्याला विरोध करणारा कर्मठ आणि बदल आधी मागणारी लुजैन, दोघांचीही तोंडे बंद होतात, ही गोष्ट मला नीट मांडता येत नव्हती. निशिगंधाताई, तुम्ही जाणारच असाल तर जा, पण परत आल्यावर "फारच सुधारलाय हो देश" एवढेच लिहू नका.

निशिगंधा_क

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. बाणकोटची यांच्या आजीचे जहाज आणि जुबैलकर काकांची सुपारी यांवर त्या बराच वेळ बोलत होत्या, आणि जायचे असे त्यांनीच ठरवले. मदिना वगळली आहे. मुंबईहून जेद्दाह, तिथून विमानाने अल-उला, मग रियाध आणि परत, असा बेत आहे. जेद्दाहच्या जुन्या भागात नेमके काय पाहावे आणि पोहोचण्यासाठी कोणता वार बरा, एवढे कोणी सांगू शकेल का?

बाणकोटची

अल-बलदमध्ये संध्याकाळी जा, दुपारी तिथे कुत्रेही फिरत नाही. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांची उंच घरे आणि त्यांना बाहेर आलेल्या लाकडी जाळीदार खिडक्या, ज्यांना रोशन म्हणतात, त्या मान वर करून पाहत चालायचे. नसीफ यांचा वाडा चुकवू नका. त्याच्या दारात जुना कडुनिंब आहे, आणि एकेकाळी अख्ख्या शहरात मोठे झाड तेवढेच होते असे सांगतात. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर चांगली बातमी अशी, की वाड्यातला जिना रुंद आणि उतरत्या पायऱ्यांचा आहे. जनावरांनाही वर जाता यावे म्हणून तो तसा बांधला असे म्हणतात.

वाळवंटी झुळूक

शुक्रवारी सकाळी पोहोचू नका. शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बाजार जवळपास बंदच असतो. रविवार ते बुधवार कधीही उतरा. रियाधला मेट्रोत कुटुंबांच्या डब्यात बसा, दारांवर तसे लिहिलेले असते. रियाधचा दिवस कळवलात तर बथ्यातल्या डोशापर्यंत मी सोबत येईन.